वाट पाहताना जुने होणारे शस्त्र

रबराची वस्तू वापरून झिजते त्यापेक्षा नुसती ठेवून अधिक खराब होते, हे मी नोकरीच्या पहिल्याच वर्षी शिकलो. रबर आणि पॉलिमर यांची तपासणी करणाऱ्या एका प्रयोगशाळेत मी आयुष्यातील बरीच वर्षे काढली. डंबेलच्या आकाराच्या पट्ट्या कापायच्या, त्या ७० अंश सेल्सियसच्या ओव्हनमध्ये आठवडेच्या आठवडे टांगून ठेवायच्या आणि मग यंत्रात ताणून त्या किती लांबतात व किती बळाला तुटतात हे नोंदवायचे, असे ते काम होते. त्यामुळे घन इंधनावर चालणाऱ्या क्षेपणास्त्राच्या पोटात नेमके काय असते हे प्रथम वाचले, तेव्हा मला ते फार ओळखीचे वाटले. अमेरिकेच्या स्पेस शटलच्या बूस्टरमधील इंधनात सुमारे ७० टक्के अमोनियम परक्लोरेट हे क्षार, १६ टक्के ॲल्युमिनियमची भुकटी आणि उरलेल्या भागात मुख्यतः पीबीएएन नावाचे कृत्रिम रबर व ते घट्ट करणारे रसायन असे. त्याच कुळातील रबर मिनिटमन क्षेपणास्त्राच्या पहिल्या टप्प्यातही आहे. म्हणजे ज्याला आपण इंधन म्हणतो तो प्रत्यक्षात क्षार आणि धातूची भुकटी ठासून भरलेला रबराचा एक प्रचंड ठोकळा असतो, आणि रबराला जे जे होते ते सर्व त्यालाही होते.

मिनिटमन-३ हे अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्र अमेरिकेने १९७० मध्ये नॉर्थ डाकोटातील मायनॉट येथे प्रथम तैनात केले. त्याचे अपेक्षित आयुष्य दहा वर्षांचे होते. आज मायनॉट, मोंटानातील माल्मस्ट्रॉम आणि वायोमिंगमधील एफ. ई. वॉरन या तीन तळांच्या भोवती पसरलेल्या ४५० सायलोंपैकी ४०० सायलोंमध्ये हीच क्षेपणास्त्रे उभी आहेत. सायलो म्हणजे जमिनीत खोदलेली काँक्रीटची खोल, उभी विहीर. प्रत्येक क्षेपणास्त्र सुमारे १८ मीटर उंच आणि ३६ टन वजनाचे आहे आणि आदेश मिळाल्यापासून फार थोड्या वेळात निघण्याच्या तयारीत ते रात्रंदिवस उभे असते. या शस्त्रांविषयी नैतिक आणि राजकीय मते अनेक असू शकतात, माझीही आहेत, परंतु हा लेख त्यांविषयी नाही. ही शस्त्रे जोवर अस्तित्वात आहेत तोवर ती कोणत्या अवस्थेत आहेत हे नेमके ठाऊक असणे सर्वांच्याच हिताचे आहे, एवढ्यापुरते माझे म्हणणे आहे, आणि हे ठाऊक करून घेण्याचे काम किती अवघड आहे याची कल्पना फार थोड्यांना असते असे मला वाटते.

विमान जुने झाले की ते सांगते. वैमानिकाला हादरे जाणवतात, इंजिनाचे तापमान वाढते, प्रत्येक उड्डाणानंतर कोणीतरी तक्रारवहीत चार ओळी लिहितो. क्षेपणास्त्राला असे बोलण्याची संधी मिळत नाही, कारण ते आयुष्यात एकदाच उडते आणि तो उड्डाणाचा क्षण येईपर्यंत त्याची मोटर, म्हणजे इंधन भरलेले नळकांडे, पूर्णपणे मूक असते. त्या मूकपणात आत बरेच काही घडत असते. रबराच्या साखळ्यांवर प्राणवायूची क्रिया होऊन त्यांच्यात नवे आडवे बंध तयार होतात, त्यामुळे ठोकळा हळूहळू कडक होतो आणि ताणल्यावर पूर्वीइतका लांबत नाही. इंधन आणि मोटरचे कवच तापमानानुसार वेगवेगळ्या प्रमाणात आकुंचन पावतात, म्हणून दोघांना जोडणाऱ्या चिकट थरावर कायमचा ताण असतो आणि वर्षानुवर्षांनंतर तो थर एखाद्या ठिकाणी सुटू लागतो. ठोकळ्याला चीर पडली किंवा कवचापासून तो सुटला तर त्या ठिकाणी नवा पृष्ठभाग उघडा पडतो. घन इंधन पृष्ठभागावरूनच जळते, त्यामुळे जितका पृष्ठभाग जास्त तितका वायू जास्त आणि दाब जास्त. एक लहानशी चीर मोटरचे कवच फोडण्यास पुरेशी ठरू शकते, आणि ती चीर बाहेरून दिसत नाही.

ज्या इंधनांत नायट्रोग्लिसरीन किंवा नायट्रोसेल्युलोज असते त्यांची गोष्ट याहून वेगळी आणि अधिक काळजीची आहे. पाणबुड्यांवरील ट्रायडेंट-२ क्षेपणास्त्राच्या इंधनात नायट्रोग्लिसरीन आहे. अशी द्रव्ये सामान्य तापमानालाही अतिशय मंदगतीने विघटित होत राहतात आणि त्यातून निघणारे नायट्रोजनचे ऑक्साइड पुढच्या विघटनाला आणखी चालना देतात. ते वायू शोषून घेण्यासाठी इंधनात स्थिरक रसायन मिसळलेले असते. हे स्थिरक संपत जाते. ते किती उरले आहे हे ठरावीक काळाने मोजावे लागते, कारण ते पुरते संपल्यावर इंधन स्वतःच्याच उष्णतेने पेट घेण्याची शक्यता असते. इथे जुनेपणाचा प्रश्न क्षेपणास्त्र नीट उडेल की नाही एवढाच राहत नाही. ते कोठारात शांत पडून राहील की नाही, असाही तो असतो.

मग वय मोजायचे कसे? आमच्या प्रयोगशाळेत जे करत असू तेच इथेही मोठ्या प्रमाणावर करतात. तापमान वाढवले की रासायनिक क्रिया वेगाने होते, ढोबळ हिशेबाने दर १० अंशांना वेग सुमारे दुप्पट होतो, म्हणून नमुना गरम ठेवला तर काही महिन्यांत अनेक वर्षांचे वार्धक्य पाहता येते. हा हिशेब मी शेकडो वेळा मांडला आहे आणि म्हणूनच त्याचा मोह कुठे फसवतो तेही सांगू शकतो. जास्त तापमानाला प्राणवायू नमुन्याच्या पृष्ठभागावरच खर्च होऊन जातो आणि आतपर्यंत पोहोचतच नाही. परिणामी बाहेरची कातडी अतिशय कडक होते, गाभा मात्र जवळजवळ ताजा राहतो आणि सरासरी आकडा काढला तर तो ना बाहेरचे खरे सांगतो ना आतले. शिवाय ७० अंशांना जी क्रिया प्रमुख असते तीच २० अंशांनाही प्रमुख असेल याची कोणतीही हमी नसते. ओव्हन म्हणजे एक अंदाज आहे. त्या अंदाजाची पडताळणी करण्याचा एकच खात्रीचा मार्ग आहे, तो म्हणजे खरोखर तीस वर्षे उभी असलेली मोटर घेऊन ती कापून पाहणे.

मोटर कापून पाहण्याचे हे काम चिकाटीने करावे लागते. सायलोतून परत आणलेल्या काही मोटरी क्ष-किरणांनी तपासतात, काही चाचणीच्या मांडावर घट्ट बांधून पेटवतात आणि दाबाचा आलेख जुन्या आलेखांशी ताडून पाहतात, आणि काही अतिशय काळजीपूर्वक कापून त्यांतील इंधनाच्या पट्ट्या ताणून पाहतात. याखेरीज प्रत्यक्ष उड्डाणाची चाचणी असते. तैनात असलेल्या क्षेपणास्त्रांपैकी एक निवडून सायलोतून काढले जाते, कॅलिफोर्नियातील व्हँडेनबर्ग येथे नेले जाते, त्यावरील अण्वस्त्रशीर्ष काढून मोजमापाची उपकरणे बसवली जातात आणि ते सुमारे ६,७०० किलोमीटर दूर प्रशांत महासागरातील क्वाजालीन प्रवाळद्वीपाच्या दिशेने सोडले जाते. ही चाचणी वर्षातून काही थोड्याच वेळा होते. १ नोव्हेंबर २०२३ रोजी अशा एका चाचणीत उड्डाणादरम्यान काहीतरी बिघडल्यामुळे क्षेपणास्त्र समुद्रावर असतानाच नष्ट करावे लागले, आणि ३१ जुलै २०१८ रोजीही तसेच घडले होते. बातम्यांत या घटना अपयश म्हणून आल्या. माझ्या दृष्टीने त्या चाचणीच्या हेतूची पूर्तता आहेत, कारण दोष सापडावा म्हणूनच चाचणी घेतली जाते. न सापडलेला दोष हीच खरी भीती असते.

परंतु या मार्गाला एक कठोर मर्यादा आहे. प्रत्येक चाचणी एक क्षेपणास्त्र खाते. मिनिटमन-३ चे उत्पादन १९७० च्या दशकाच्या अखेरीस थांबले आणि तेव्हापासून साठा फक्त कमी होत आला आहे. म्हातारपण जितके वाढते तितकी अधिक तपासणी हवी, आणि तपासणीसाठी जे नमुने हवेत ते तितकेच कमी होत जातात. वर्षाला तीन चाचण्या म्हटल्या तरी वीस वर्षांत साठ क्षेपणास्त्रे लागतात, आणि मोटर कापण्यासाठी लागणारी वेगळी. जेव्हा एखादे सरकार जुन्या शस्त्राचे आयुष्य आणखी दहा वर्षांनी वाढवण्याचा निर्णय जाहीर करते, तेव्हा मी प्रथम हे पाहतो की त्या दहा वर्षांसाठी कापायला आणि उडवायला नमुने कुठून येणार आहेत. बहुतेक वेळा त्याविषयी एक वाक्यही नसते.

आमच्याकडे एकदा जागा मोकळी करण्यासाठी राखीव नमुन्यांचे एक संपूर्ण कपाट रिकामे केले गेले. कोणीतरी वरिष्ठाने सांगितले, आम्ही मान हलवली. दीड वर्षाने एका ग्राहकाची तक्रार आली की अमुक घाण्यातील, म्हणजे एकाच वेळी केलेल्या मिश्रणातील, सील अकाली तडकत आहेत, आणि आमच्याकडे ताडून पाहायला त्या घाण्याचा एकही तुकडा शिल्लक नव्हता. आमच्या आकडेवारीत काहीच चूक नव्हती, पण आकडेवारी कापता येत नाही. त्या दिवशी मला आलेली हतबलता मी विसरलेलो नाही, आणि ते प्रकरण तर साध्या पंपाच्या सीलचे होते.

आयुष्य वाढवण्याचे काम म्हणजे केवळ मुदतवाढीचा शिक्का नव्हे, हेही इथे सांगितले पाहिजे. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून पुढच्या सुमारे दशकभरात मिनिटमनच्या मोटरींमधील जुने इंधन काढून नवे इंधन ओतण्याचा मोठा कार्यक्रम पार पडला. त्याच काळात मार्गदर्शन यंत्रणेतील संगणक आणि इलेक्ट्रॉनिक भाग बदलण्यात आले. या यंत्रणेतील जायरोस्कोप (दिशेतील बदल ओळखणारे फिरत्या चाकाचे उपकरण) हा माझ्या विशेष कौतुकाचा विषय आहे. क्षेपणास्त्र क्षणार्धात सज्ज व्हावे म्हणून ते थांबवून ठेवता येत नाहीत. वायूच्या पातळ थरावर तरंगणारी त्यांची चाके सायलोत वर्षानुवर्षे अखंड फिरत असतात, आणि एखादे थकले की तंत्रज्ञांचा गट त्या बंदिस्त विहिरीत उतरून संपूर्ण संच बदलतो व जुना दुरुस्तीसाठी पाठवतो. माल्मस्ट्रॉमचा पसारा सुमारे ३५,००० चौरस किलोमीटरचा आहे. हिवाळ्यात बर्फाच्या रस्त्यांवरून दूरच्या सायलोपर्यंत पोहोचायचे, सुरक्षेची सगळी कुलपे क्रमाने उघडायची, काम करायचे, पुन्हा सगळे बंद करून परतायचे, हे ज्यांच्या वाट्याला येते ते बहुतेक विशीतील तरुण-तरुणी असतात. त्यांच्या हातातील यंत्र त्यांच्या आईवडिलांपेक्षा वयाने मोठे असते.

जुन्या शस्त्राचा सर्वांत मोठा धोका शत्रूला नव्हे तर या हातांना असतो, आणि त्याचे सर्वांत कटू उदाहरण द्रव इंधनाच्या टायटन-२ चे आहे. हे क्षेपणास्त्र १९६३ पासून ॲरिझोना, आर्कान्सा आणि कॅन्सस या राज्यांत ५४ सायलोंमध्ये तैनात होते. त्यातील इंधन आणि ऑक्सिडायझर (इंधन जळण्यासाठी प्राणवायू पुरवणारे द्रव्य) एकमेकांच्या संपर्कात येताच आपोआप पेटत, दोन्ही विषारी होते आणि दोन्ही कायम टाक्यांत भरलेली असत. जसजशी वर्षे गेली तसतशी सांधे, झडपा आणि गळती यांची कामे वाढत गेली. ऑगस्ट १९७८ मध्ये कॅन्ससमधील एका सायलोत ऑक्सिडायझरची गळती होऊन दोघे मरण पावले. १८ सप्टेंबर १९८० रोजी आर्कान्सातील दमास्कस या गावाजवळच्या सायलोत टाकीतील दाब वाढवण्याचे नेहमीचे काम सुरू असताना एका तंत्रज्ञाच्या हातून सुमारे चार किलोंचा पान्ह्याचा सॉकेट निसटला, वीसेक मीटर खाली पडला, आदळून उसळला आणि पहिल्या टप्प्याच्या इंधनटाकीला त्याने भोक पाडले. पुढचे कित्येक तास ती टाकी रिकामी होत राहिली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे क्षेपणास्त्राचा स्फोट झाला. एक हवाईदल कर्मचारी मृत्युमुखी पडला, २१ जण जखमी झाले आणि सायलोचे अवाढव्य झाकण उडून गेले. ९ मेगाटन क्षमतेचे अण्वस्त्रशीर्ष बाहेर फेकले गेले, सुदैवाने ते फुटले नाही.

या घटनेची जबाबदारी त्या एका हातावर टाकणे मला कधीच पटले नाही. सतरा वर्षे उभ्या असलेल्या, पातळ पत्र्याच्या, विषाने भरलेल्या यंत्राची देखभाल करताना एकही वस्तू हातून पडू नये अशी अपेक्षा ज्या व्यवस्थेत ठेवली जाते, त्या व्यवस्थेने शस्त्राचे वय मोजणे सोडून दिलेले असते. माणसांच्या हातून वस्तू पडतातच. टायटन-२ निवृत्त करण्याचा निर्णय १९८१ मध्ये झाला आणि शेवटचे क्षेपणास्त्र १९८७ मध्ये उतरवले गेले. यांपैकी काहींची पुढे उपग्रह सोडण्यासाठी अग्निबाण म्हणून पुनर्बांधणी झाली आणि १९९४ मध्ये चंद्राकडे गेलेले क्लेमेंटाइन यान अशाच एका टायटन-२ ने नेले, हे वाचून मला बरे वाटले होते.

घन इंधन त्या मानाने शांत, पण तेही निर्धोक नाही. ११ जानेवारी १९८५ रोजी जर्मनीतील हाइलब्रॉनजवळ पर्शिंग-२ क्षेपणास्त्राची मोटर पेटीतून बाहेर काढताना अचानक पेटली आणि तीन सैनिक मरण पावले. थंड, कोरड्या हवेत घर्षणामुळे साचलेली स्थिर वीज हे त्याचे कारण निघाले. रबराच्या कारखान्यात रोलरवरून सुटताना कापडातून ठिणगी उडालेली मी पाहिली आहे, त्यामुळे तो अहवाल वाचताना माझ्या अंगावर काटा आला.

आता ज्ञानाच्या म्हातारपणाविषयी, कारण माझ्या मते धातू आणि रबर यांच्याआधी तेच संपते. ट्रायडेंटवर बसणाऱ्या डब्ल्यू-७६ या अण्वस्त्रशीर्षात फॉगबँक या सांकेतिक नावाचे एक द्रव्य वापरलेले आहे. टेनेसीतील ओक रिज येथे ते १९७५ ते १९८९ या काळात तयार होत असे. पुढे तो कारखाना मोडला गेला. सन २००० मध्ये डब्ल्यू-७६ चे आयुष्य वाढवायचे ठरले तेव्हा असे लक्षात आले की उत्पादनाच्या नोंदी अपुऱ्या आहेत आणि ते काम जाणणारी जवळजवळ सर्व माणसे निवृत्त झाली आहेत किंवा सोडून गेली आहेत. नवा कारखाना उभारला गेला, जुन्या कृतीप्रमाणेच सर्व केले गेले, तरी द्रव्य जुन्यासारखे होईना. बऱ्याच शोधानंतर कारण सापडले. पूर्वीच्या कच्च्या मालात एक अशुद्धी असे, तिची कोणाला जाणीवही नव्हती, आणि आधुनिक शुद्धीकरणात ती निघून जात होती. जुन्या द्रव्याचे गुण त्या अशुद्धीमुळेच येत होते. म्हणजे ज्यांनी ते मुळात बनवले त्यांनाही आपण काय करत आहोत हे पूर्णपणे ठाऊक नव्हते. त्यांच्या हातांना ते येत होते, एवढेच. ज्याने रबराचे मिश्रण प्रत्यक्ष केले आहे त्याला याचे आश्चर्य वाटणार नाही. कृतीच्या कागदावर तापमान, वेळ आणि वजने असतात, पण जुना कामगार मिश्रणाच्या आवाजावरून आणि चकाकीवरून जे ओळखतो ते त्या कागदावर नसते.

खांद्यावरून डागण्याच्या स्टिंगर क्षेपणास्त्राचेही तसेच झाले. अनेक वर्षे अमेरिकी सैन्याने ते नव्याने विकत घेतले नव्हते. युक्रेनमधील युद्धामुळे २०२२ नंतर अचानक मागणी वाढली, तेव्हा काही इलेक्ट्रॉनिक भाग बाजारातून नाहीसे झालेले आढळले आणि उत्पादक कंपनीने सत्तरीतील निवृत्त अभियंत्यांना परत बोलावून नव्या कामगारांना शिकवण्यास सांगितले. रशियाची अडचण आणखी निराळी होती. तिचे सर्वांत जड क्षेपणास्त्र आर-३६एम२ व्होयेवोदा हे सोव्हिएत काळात युक्रेनमधील द्नीप्रोपेत्रोव्स्क येथील कारखान्यात बनले होते आणि सोव्हिएत संघ फुटल्यानंतरही त्याची देखभाल तिथल्याच अभियंत्यांच्या साहाय्याने चालू होती. २०१४ नंतर तो धागा तुटला. त्याची जागा घेणाऱ्या सरमात क्षेपणास्त्राची पहिली उड्डाण चाचणी २० एप्रिल २०२२ रोजी झाली, परंतु सप्टेंबर २०२४ मध्ये प्लेसेत्स्क येथील चाचणीच्या सायलोच्या जागी मोठा खड्डा पडल्याचे उपग्रहाच्या छायाचित्रांत जगाने पाहिले. नवे तयार होत नाही तोवर जुन्यालाच उभे राहावे लागते, आणि जुन्याला ओळखणारी माणसे सीमेच्या दुसऱ्या बाजूला आहेत.

जमिनीवरील व्यवस्थेविषयी थोडक्यात. मे २०१६ मध्ये अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने सांगितले की अण्वस्त्र दलांशी समन्वय ठेवणारी संगणक यंत्रणा अजून आठ इंची फ्लॉपी डिस्कवर चालते, आणि लोक हसले. त्यात हसण्यासारखे मला काही दिसले नाही. जी यंत्रणा चालते, जिची सवय आहे आणि जी बाहेरच्या जाळ्याशी जोडलेलीच नाही, ती केवळ दिसायला जुनी आहे म्हणून वाईट ठरत नाही. तिचे सुटे भाग आणि तिची दुरुस्ती जाणणारी माणसे मिळेनाशी झाली की ती वाईट ठरते, आणि तो दिवस जवळ येत होता म्हणूनच २०१९ मध्ये त्या फ्लॉपी बदलल्या गेल्या. ऑक्टोबर २०१० मध्ये एफ. ई. वॉरन येथे ५० क्षेपणास्त्रांशी असलेला संपर्क काही काळ विस्कळीत झाला, कारण एका संगणकातील सर्किट कार्ड जागेवर नीट बसलेले नव्हते. ऑगस्ट २०२३ मध्ये माल्मस्ट्रॉमच्या भूमिगत नियंत्रण कक्षांत पीसीबी या कर्करोगकारक रसायनाचे प्रमाण मर्यादेपेक्षा अधिक आढळले. ज्या काळात ते कक्ष बांधले गेले त्या काळी विद्युत उपकरणांत हे रसायन सर्रास वापरले जाई. तिथे पाळ्या करणाऱ्या अधिकाऱ्यांमध्ये रक्ताच्या कर्करोगाची प्रकरणे पुढे आल्यानंतर ही तपासणी झाली. शस्त्राचे वय मोजताना ज्या खोलीत माणूस बसतो तिचे वय कोणी मोजले नव्हते, ही गोष्ट मला अस्वस्थ करते.

हीच चूक बदलाच्या योजनेतही झालेली दिसते. मिनिटमनची जागा घेणाऱ्या सेंटिनेल क्षेपणास्त्राचे विकासाचे कंत्राट सप्टेंबर २०२० मध्ये दिले गेले, तेव्हा संपूर्ण कार्यक्रमाचा अंदाज ७७.७ अब्ज डॉलर होता. जानेवारी २०२४ मध्ये खर्चाने कायद्यातील कमाल मर्यादा ओलांडल्याचे जाहीर झाले आणि जुलै २०२४ मध्ये सुधारित अंदाज १४०.९ अब्ज डॉलर निघाला, म्हणजे ८१ टक्क्यांची वाढ. अशा वेळी संरक्षणमंत्र्यांनी कार्यक्रम अत्यावश्यक असल्याचे प्रमाणित केले नाही तर तो रद्द करावा लागतो, आणि तसे प्रमाणपत्र दिले गेले. वाढीचे मुख्य कारण क्षेपणास्त्र नव्हते. सायलो, नियंत्रण कक्ष आणि त्यांना जोडणारे हजारो किलोमीटरचे केबलचे जाळे हे कारण होते. मूळ योजनेत १९६० च्या दशकातील सायलो डागडुजी करून पुन्हा वापरायचे होते. एका जुन्या सायलोवर प्रत्यक्ष काम करून पाहिल्यावर ते परवडत नाही असे दिसले, आणि २०२५ मध्ये बहुतांश ठिकाणी नवे सायलो खोदण्याचे ठरले. साठ वर्षे जमिनीत मुरलेल्या काँक्रीटची अवस्था काय आहे, हे अंदाजपत्रक बांधण्यापूर्वी एक-दोन विहिरी उघडून पाहिले असते तर कळले असते. इथेही ओव्हनवर विश्वास ठेवला गेला आणि नमुना कापला गेला नाही.

या विलंबाचा थेट भार जुन्या क्षेपणास्त्रावर पडतो. लेखापरीक्षण कार्यालयाच्या २०२५ च्या अहवालात मिनिटमन-३ ला २०५० पर्यंत सेवेत ठेवावे लागू शकते असे म्हटले आहे. दहा वर्षांसाठी आखलेले यंत्र तेव्हा ऐंशी वर्षांचे असेल. नवे बसवण्याचे आणि जुने सज्ज ठेवण्याचे काम तीच दले, त्याच रस्त्यांवरून, एकाच वेळी करतील आणि दोन्हींचे प्रशिक्षण त्यांना घ्यावे लागेल.

निवृत्त झालेल्या शस्त्राचेही पुढे काही करावे लागते, हे योजनांच्या कागदांवर सहसा शेवटच्या ओळीत असते. सोव्हिएत क्षेपणास्त्रांत वापरले जाणारे मेलांज नावाचे नायट्रिक आम्लयुक्त ऑक्सिडायझर युक्रेनमध्ये गंजत चाललेल्या टाक्यांत दोन दशके पडून होते. युरोपीय सुरक्षा व सहकार्य संघटनेच्या प्रकल्पातून २०१४ पर्यंत त्याचे सुमारे १६,००० टन बाहेर नेऊन नष्ट करण्यात आले. घन इंधनातील परक्लोरेट पाण्यात सहज विरघळते आणि भूजलात दूरवर जाते, म्हणून जुनी मोटर उघड्यावर जाळणे हा कायमचा उपाय होऊ शकत नाही.

मला जर कोणी विचारले की अशा कार्यक्रमात एक गोष्ट बदलायची तर कोणती, तर मी सांगेन की क्षेपणास्त्र तैनात होते त्याच दिवशी त्याच घाण्यातील ठरावीक मोटरी केवळ कापण्यासाठी बाजूला ठेवाव्यात, त्यांना सायलोइतक्याच तापमानात व आर्द्रतेत उभे करावे, आणि त्यांना हात लावण्याचा अधिकार तपासणी करणाऱ्यांखेरीज कोणालाही देऊ नये, मग साठ्याची कितीही ओढाताण होवो. नव्या सेंटिनेलसाठी ६५९ क्षेपणास्त्रे घेण्याची योजना आहे. त्यांपैकी ४०० तैनात होतील आणि उरलेली चाचण्या व राखीव साठा यांसाठी असतील. या उरलेल्या २५९ मधून उड्डाणासाठी किती, कापण्यासाठी किती आणि कोणत्या वर्षापर्यंत, हा हिशेब पहिली मोटर ओतण्यापूर्वी लिहून ठेवलेला मला वाचायचा आहे.